दहा हजारांचा लेखनिक

धनत्रयोदशीच्या दुपारी माझ्या क्रेडिट कार्डावरून १०,३८० रुपये गेले. माझ्या दुकानात झेरॉक्सची एक बाजू दोन रुपयाला आहे. म्हणजे पाच हजार एकशे नव्वद वेळा मशीनचं झाकण उघडावं आणि मिटावं, तेव्हा एवढी रक्कम गल्ल्यात दिसते. टोनर, कागद, वीज हा हिशेब वेगळाच. आणि गेले कशाला, तर लिहून देणाऱ्या एका ॲपला. जी स्वतः पंचवीस वर्षं लोकांना लिहून देत आली, तिनं स्वतःसाठी लेखनिक ठेवला, तोही वर्षाचा पगार आगाऊ देऊन.

दुकान बेळगावात, शहापूर भागात. बोर्डावर झेरॉक्स आणि डीटीपी. गेल्या वर्षी तो बोर्ड नव्यानं रंगवला, कारण २०२४ च्या दुरुस्तीनंतर साठ टक्के कन्नड अक्षरं लागतात. उरलेल्या चाळीस टक्क्यांत मराठी आणि इंग्रजीला दाटीवाटीनं बसवलंय. आतलं काम मात्र असं टक्क्यांत मोजता येत नाही. सरकारी अर्ज कन्नडमध्ये, लग्नपत्रिका आणि श्रद्धांजलीचे फलक मराठीत, उद्यमबागेतल्या फाउंड्रीत नोकरी मागणाऱ्या पोरांचे बायोडेटा इंग्रजीत. टाइप करायला मराठीला श्रीलिपी, कन्नडला नुडी अशी वेगवेगळी सॉफ्टवेअरं, आणि तिन्ही भाषा एका कागदावर आल्या की माझी डोकेदुखी. माझी कन्नड बोलण्यापुरती बरी, लिहिण्यात मात्र हात अडतो. त्यासाठी दुकानात एक पोरगी आहे, बैलहोंगलकडची. घरात कन्नड, माझ्याशी मराठी, आणि गिऱ्हाईक बघून तिसरंच काहीतरी. कन्नड अर्जातलं ‘मान्यरे’पासून ‘इंती निम्म विश्वासी’पर्यंतचं सगळं तीच सांभाळते.

दसरा झाला की आमच्याकडं कामाचा ढीग पडतो. तुळशीच्या लग्नानंतरच्या लग्नपत्रिका आधीच यायला लागतात. शिवाय सीमाभागातल्या गावांची मराठी साहित्य संमेलनं. कडोली, येळ्ळूर, उचगाव, अशी गावं हिवाळा धरून संमेलन भरवतात. निमंत्रणपत्रिका, पाहुण्यांचा परिचय, स्वागताध्यक्षांचं भाषण, ठरावांचा मसुदा, सगळं टाइप करायचं, आणि अर्ध्या वेळा लिहूनही द्यायचं. “अक्का, चार ओळी तुम्हीच टाका की,” म्हणून माणूस खुर्चीत बसतो आणि चहा मागवतो. त्या चार ओळींचे पैसे आजवर कुणी दिलेले नाहीत.

पुण्यात असलेल्या मुलानं फोनवर सुचवलं, “आई, एआय लेखन सहायक घे. तू नुसतं सांगायचं, ते लिहितं.” नाव त्यानं काही सांगितलं नाही. मी शोधलं, पहिली दिसली ती जाहिरात दाबली. सुरेख पान होतं. हसरी माणसं, लॅपटॉप, झाडाची कुंडी. महिन्याला आठ डॉलर, सात दिवस फुकट, कधीही बंद करा, मराठीसह शंभर भाषा. खाली फिकट राखाडी अक्षरांत एक ओळ होती, ती मी वाचली नाही. लोकांच्या अर्जातली वेलांटी चुकली तरी मला दिसते. पण स्वतःचं कार्ड हातात घेतल्यावर माझे डोळे काय करत होते कोण जाणे. ओटीपी आला, टाकला, झालं.

पहिले तीन दिवस आम्ही दोघी नव्या खेळण्यावर खूश होतो. इंग्रजी बायोडेटा तर असा करून द्यायचं, की पोरगा स्वतःच ओळखू नये. मशीन ऑपरेटरचं एका पोराच्या कागदावर ‘उत्पादन प्रक्रियेतील गुणवत्ता नेतृत्व’ वगैरे झालं. तो म्हणाला, “अक्का, मी लेथवर असतो. हे विचारलं तर काय सांगू?” ते काढलं. इंग्रजी पत्रं मात्र खरंच चांगली. विमा कंपनीला, बँकेला, गोव्यात काम करणाऱ्या पोराच्या मालकाला. तेवढ्यासाठी महिन्याला सातशे रुपये द्यायला माझी ना नव्हती.

मराठी आलं आणि गाडी खडकावर.

संमेलनाच्या निमंत्रणाचा मसुदा मागितला. पहिलंच वाक्य, ‘आम्ही आपल्याला आमंत्रित करण्यास अत्यंत उत्साहित आहोत.’ गावातल्या म्हाताऱ्यांनी हे वाचलं असतं तर कार्यकर्त्यांना ताप आलाय असं समजले असते. ‘सप्रेम नमस्कार, वि. वि.’ नाही, ‘अगत्याने यावे’ नाही. तेही चाललं असतं, दुरुस्त करायला मी बसलेच आहे. पण खाली पत्त्यात त्यानं लिहिलं होतं: ‘जिल्हा बेलगाम.’

हिंदीत आमच्या गावाचं नाव तसं लिहितात हे मला ठाऊक आहे. ळ नाही म्हणून ल, आणि इंग्रजी स्पेलिंगवरून पुढचं. पण मराठीत बेलगाम म्हणजे लगाम नसलेला. मी ‘बेळगाव’ कर म्हटलं. त्यानं माफी मागितली आणि ‘बेळगावी’ केलं. कागदोपत्री १ नोव्हेंबर २०१४ पासून तेच नाव आहे, त्याचं तसं चुकलं नाही. पण मराठी साहित्य संमेलनाच्या निमंत्रणावर ते छापून दिलं असतं, तर दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानासमोर मंडळी जमली असती. एका नावाच्या तीन रूपांमागं १९५६ पासून काय काय घडलंय, हे त्या यंत्राला कोण सांगणार? तिसऱ्यांदा सांगितल्यावर ‘बेळगाव’ आलं. पुढच्या परिच्छेदात पुन्हा बेलगाम. आमची पोरगी हसून हसून स्टुलावरनं पडायची बाकी होती.

पाहुण्यांच्या परिचयात त्यानं त्याहून मोठा उद्योग केला. मी जन्मगाव, शिक्षण, दोन पुस्तकांची नावं एवढंच दिलं होतं. त्यानं त्या गृहस्थांना आणखी दोन पुरस्कार देऊन टाकले. नावं अशी छान, की मी क्षणभर विश्वास ठेवला. नशिबानं फोन करून विचारलं. पलीकडनं ते म्हणाले, “मिळाले तर हवेत की, कुठं मिळतात?”

कन्नडचं वेगळंच. पोरगी म्हणाली, चुका नाहीत, पण हे बेंगळुरूच्या वर्तमानपत्रासारखं वाटतं, आमच्याकडं असं कोण बोलतंय? अर्जाला ते चालतं, म्हणून तिनं ठेवलं. तिचं मत माझ्याहून उदार होतं.

आणि एक गोष्ट मला खुपायला लागली. फुकटच्या आठवड्यासाठी काही क्रेडिट दिले होते, कोपऱ्यात आकडा दिसायचा. इंग्रजी पानाला तो थोडासाच उतरे. तेवढ्याच लांबीच्या मराठी पानाला जवळजवळ तिप्पट. चौथ्या दिवशी पाटी कोरी. मला वाटलं, तराजूच खोटा आहे. नंतर कळलं की खोट निराळीच आहे, आणि ती सगळ्यांनी, विशेषतः मराठीत काम करणाऱ्यांनी, समजून घ्यावी अशी आहे.

ही यंत्रं शब्द मोजत नाहीत. मजकुराचे तुकडे करतात, त्याला टोकन म्हणतात, आणि पैसे त्या तुकड्यांवर. तुकडे कसे पाडायचे हे यंत्र भरपूर मजकूर वाचून शिकलेलं असतं, आणि त्या मजकुरात इंग्रजी डोंगराएवढं, मराठी मूठभर. त्यामुळं नेहमीचा इंग्रजी शब्द बहुतेक वेळा अख्खा एक तुकडा, आणि आपला शब्द खांडोळी होऊन आत जातो. त्यात युनिकोडचा साठवणीचा हिशेब. रोमन अक्षराला एक बाइट, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. ‘बेळगाव’मध्ये ब, मात्रा, ळ, ग, काना, व अशी सहा चिन्हं, म्हणजे अठरा बाइट. तेच नाव जुन्या इंग्रजी स्पेलिंगनं लिहिलं तर सात अक्षरं, सातच बाइट. आणि ‘क्ष’ला आपण एक अक्षर म्हणतो, पण यंत्राला तो क, हलन्त आणि ष, म्हणजे नऊ बाइट. जोडाक्षरांवर आपण एवढं प्रेम करतो, त्याचं बिल असं येतं. नव्या यंत्रांत हे सुधारत चाललंय. चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयनं मे २०२४ मध्ये नवं मॉडेल आणलं तेव्हा भारतीय भाषांचे तुकडे बरेच कमी केले. मराठी नमुना वाक्याचे जवळपास एक तृतीयांशावर आले. म्हणजे माझ्या ॲपनं आत जुनं, स्वस्तातलं इंजिन बसवलं होतं की क्रेडिटचा भाव स्वतःच ठरवला होता, देव जाणे. पण हा प्रश्न पडायलासुद्धा आधी हे कळावं लागतं की आत इंजिन दुसऱ्याचंच असतं. मला ते तेव्हा कुठं ठाऊक होतं?

क्रेडिट संपले, दिवाळीची गर्दी वाढली, मी हातानं टाइप करायला लागले आणि ॲपला विसरले. ॲप मला विसरलं नाही.

बँकेचा संदेश आला होता. हे कबूल करायला पाहिजे. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, ऑक्टोबर २०२१ पासूनचा. कार्डावरून आपोआप पैसे कापायचे असतील तर किमान चोवीस तास आधी कळवायचं, आणि नको म्हणायची सोय द्यायची. पंधरा हजारांच्या आत असेल तर दर खेपेला ओटीपी लागत नाही. वसुबारसेच्या दुपारी तो संदेश आला, तेव्हा दारात शेजारची पोरं किल्ल्यासाठी माती चाळत होती आणि दुकानात पत्रिकांची तीन घरची मंडळी बसली होती. त्याच्या वर-खाली सोन्याच्या दुकानांचे, फटाक्यांचे, कपड्यांच्या सेलचे वीस संदेश. मी वाचलाच नाही. नियमानं आपलं काम केलं, माझ्या बोटानं केलं नाही.

दुसऱ्या दिवशी पैसे गेल्यावर ती राखाडी ओळ शोधून वाचली. ‘महिन्याला आठ डॉलर, वार्षिक आकारणी.’ म्हणजे ९६ डॉलर एकदम. त्यावर आपला अठरा टक्के जीएसटी, तो परदेशी विक्रेत्यालाही घ्यावाच लागतो, तक्रार नाही. झाले ११३ डॉलर २८ सेंट. त्या दिवशी कार्डवाल्यांनी डॉलर ८८ रुपयांना धरला, म्हणजे ९,९६९. मग परकीय चलनाचा साडेतीन टक्के आकार, आणि त्या आकारावर परत जीएसटी. सातशेची गोष्ट दहा हजारांवर अशी पायरी पायरीनं चढते, प्रत्येक पायरी कायदेशीर.

बंद करायला गेले. बंद करण्याचं बटण ‘खाते’, मग ‘योजना’, मग ‘योजना व्यवस्थापन’ यात दडलेलं. दाबलं तर विचारलं, का जाताय? मग म्हणालं, तीन महिने थांबा, निम्म्या किमतीत देतो. मग म्हणालं, तुमचा सगळा मजकूर जाईल, खात्री आहे का? मोठं रंगीत बटण ‘राहते’ आणि खाली फिकट ‘तरीही जाते’. सासरहून निघालेल्या सुनेला अडवावं तसं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा फसव्या तऱ्हांची यादीच काढलीय, तेरा प्रकारांची, आणि त्यात वर्गणीचा सापळा हा एक प्रकार आहे. हे वाचून बरं वाटलं, एवढंच. एकदाचं बंद झालं, तर उत्तर आलं: पुढच्या वर्षीपासून बंद. या वर्षीचे पैसे परत मिळत नाहीत. मदतीच्या पत्त्यावर लिहिलं तर एक ‘सहायक’ तत्परतेनं, गोड इंग्रजीत तेच ते सांगत राहिला. चौथ्या उत्तराला मला समजलं की तोही यंत्रच आहे.

आधी बँकेच्या पानावर जाऊन कार्डावरची ती परवानगी काढून टाकली. ॲपमध्ये बंद करणं आणि बँकेत परवानगी रद्द करणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलं दार त्यांच्या हातात, दुसरं आपल्या.

मग १ नोव्हेंबर आला. त्या दिवशी माझं दुकान बंदच असतं. कोणत्या कारणानं, ते बेळगावकराला विचारू नये. सकाळी काळ्या दिनाची सायकल फेरी, आणि दुसरीकडं राज्योत्सवाची मिरवणूक, डीजेनं खिडकीची तावदानं थरथरतात. मी दार लावून संगणकासमोर बसले आणि जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं: हा कुणाचा कोण, ते शोधायला घेतलं.

आमच्याकडं अनोळखी पोर दारात आलं तर म्हाताऱ्या बायका नाव विचारत नाहीत. “कुणाचं गा तू?” असं विचारतात. बापाचं नाव, गल्ली, आईचं माहेर, एवढं कळल्यावरच पाणी. आणि पत्र लिहून घ्यायचं तर त्याहून जास्त चौकशी, कारण लिहिणाऱ्याला घरातलं सगळं कळतं. माझ्या दुकानात लोक येतात ते माझा टाइपिंगचा वेग बघून नव्हे. मी कुणाची सून, हे त्यांना ठाऊक असतं म्हणून. आणि मी? कार्डाचा नंबर देण्याआधी कुंडीचा फोटो बघितला.

सुरुवात बिलापासून केली. बिलावर ॲपचं नावच नव्हतं. भलत्याच कंपनीचं, लंडनच्या पत्त्याचं. आधी वाटलं फसवणूक आहे. पण नाही, ही रीतच आहे. छोट्या सॉफ्टवेअर कंपन्या देशोदेशीचे कर भरण्याच्या भानगडीत पडत नाहीत, मध्ये एक विक्रेती कंपनी असते, कागदोपत्री माल तीच विकते. म्हणजे मी ॲपशी भांडत होते आणि पैसे दुसऱ्याच्या खिशात होते. मग ॲपच्या अटींचं पान. ‘आमच्याविषयी’मध्ये स्वप्नं आणि ध्येयं होती, पत्ता नव्हता. पत्ता अटींच्या तळाशी सापडला: अमेरिकेतलं डेलावेअर राज्य. राज्य एवढंसं, पण अमेरिकेतल्या निम्म्याहून जास्त मोठ्या कंपन्यांची नोंदणी तिथंच, कारण तिथले कंपनी कायदे सोयीचे आहेत. त्या पत्त्यावर गेलं तर ॲप बनवणारा माणूस भेटेल असं नाही. आणि वाद झालाच तर लवाद तिकडेच. शहापूरहून.

आणि तिथंच एक ओळ: ‘आमची सेवा त्रयस्थ कंपन्यांच्या भाषा मॉडेल्सवर चालते.’ म्हणजे कुंदा, आमच्याकडची दुधाची मिठाई, दुसऱ्याच्या कढईतला, खोकं तेवढं यांचं. यात गुन्हा काही नाही. सगळ्यांनीच कढई चढवावी असं थोडंच आहे? खोकं नीट बांधून देण्याचेही पैसे असतात. पण मग कढई कुणाची, ते बघावं म्हणून पुढं वाचत गेले, आणि डीजे थांबला तरी मला कळलं नाही.

ओपनएआय ही २०१५ च्या डिसेंबरात सुरू झाली ती नफा न कमावणारी संस्था म्हणून. सॅम ऑल्टमन, इलॉन मस्क अशी मंडळी संस्थापकांत. पैसा अपुरा पडला तसं २०१९ ला तिच्या पोटात नफा कमावणारी कंपनी काढली, मायक्रोसॉफ्टनं शंभर कोटी डॉलर घातले. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं. वर्षभरात, १७ नोव्हेंबर २०२३ ला, संचालक मंडळानं मुख्य कार्यकारी अधिकारी असलेल्या ऑल्टमनलाच काढून टाकलं, आणि पाच दिवसांत तो परत खुर्चीवर, मंडळातलेच बहुतेक गेले. हे वाचताना मला आमच्या पतसंस्थांची आठवण झाली. फक्त आमच्याकडं पाच दिवसांत निकाल लागत नाही, रजिस्ट्रारकडं वर्षानुवर्षं चालतं. आणि मी हे वाचत होते त्याच्या चारच दिवस आधी, २८ ऑक्टोबर २०२५ ला, त्यांनी पुन्हा घडी बदलली होती. नफ्याची कंपनी ‘लोकहित’ प्रकारची, वरती मूळ ना-नफा संस्थेचा ताबा. तिथून बाहेर पडलेल्या डारिओ आणि डॅनिएला अमोडेई या भावाबहिणीनं आणखी काही जणांबरोबर २०२१ मध्ये अँथ्रॉपिक काढली, तिचं यंत्र क्लॉड. एका घरातनं निघून शेजारी दुसरं घर, हे आपल्याला समजावून सांगायला नको.

ग्रामरलीचं नाव मी पुष्कळ ऐकलं होतं, कॉलेजची पोरं वापरतात. ती २००९ मध्ये तिघा युक्रेनी माणसांनी काढली. मूळ काम इंग्रजी सुधारण्याचं, त्यामुळं माझ्या निमंत्रणपत्रिकेला तिचा काय उपयोग? त्याच आठवड्यात त्या कंपनीनं आपलं नाव बदलून सुपरह्यूमन केलं होतं. जॅस्पर नावाचा आणखी एक लेखन सहायक आहे, तो आधी जार्व्हिस होता. गावांचीच नावं बदलतात असं नाही. बेंगळुरूच्या सर्वम एआयविषयीही वाचलं. २०२३ ची कंपनी, भारतीय भाषांसाठीच यंत्र घडवणारी, २०२५ च्या एप्रिलात केंद्र सरकारच्या एआय मोहिमेनं देशी मॉडेलसाठी निवडलेली. माझ्याच राज्यातली. पोरगीला सांगितलं तर म्हणाली, “मग ते पण बेंगळुरूची कन्नडच बोलणार, अक्का.”

दुसऱ्या दिवशी त्या लंडनच्या विक्रेत्या कंपनीला पत्र लिहिलं. स्वतः, यंत्राशिवाय, शाळेत शिकवलेल्या इंग्रजीत. सहा ओळी. अमुक तारखेला पैसे घेतले, चौथ्या दिवसानंतर मी ते वापरलेलं नाही, तुमच्या नोंदीत दिसेल; वार्षिक आकारणीची ओळ महिन्याच्या किमतीच्या निम्म्या आकारात आणि राखाडी रंगात आहे, चित्र सोबत जोडलंय; बिल तुमचं आहे म्हणून मागणी तुमच्याकडं. तीन दिवसांत एका माणसाचं, बहुधा माणसाचंच, उत्तर आलं, पैसे परत करत आहोत. एवढ्या सहज होईल असं वाटलं नव्हतं. ज्याच्या नावावर बिल त्यालाच धरायचं, हे शहापूरच्या बाजारात पोरगासोरगाही जाणतो. मीच पंधरा दिवस भलत्या दारावर टकटक करत होते.

मधल्या काळात मुलाचा फोन. २०२५ च्या ४ नोव्हेंबरपासून चॅटजीपीटीची ‘गो’ योजना भारतात वर्षभर फुकट देत होते, एरवी ती तेव्हा ३९९ रुपये महिना होती. “आता तरी घे.” घेतलं. पण या खेपेला मी आधी सेटिंगमध्ये गेले, आमचा मजकूर तुमच्या यंत्राला शिकवायला वापरू नका, असं सांगायची एक खूण तिथं असते, ती बदलली. वर्ष संपायच्या तारखेच्या आठवडाभर आधी कॅलेंडरच्या पानावर लाल पेननं गोल केला. फुकट देणाऱ्याला आपल्याकडून काय हवंय, हे विचारायची सवय आता लागलीय.

तेवढ्यानंही माझं समाधान झालं नाही, कारण कागद माझे नसतात. माझ्या टेबलावर लोकांचे आधार नंबर असतात, जमिनीचे उतारे, वाटणीपत्रं, कोर्टाच्या नोटिसा, एखाद्या मुलीनं सासरच्याविरुद्ध लिहिलेली तक्रार. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहेच; पण दुकानात बसलेल्या बाईचा जुना नियम त्याहून आधीचा आहे, एकाचं दुसऱ्याला कळू द्यायचं नाही. म्हणून आता आम्ही यंत्राला मजकूर देतो तो नावं काढून. माणसाच्या जागी ‘अबक’, सर्व्हे नंबरच्या जागी शून्यं, गावाच्या जागी ‘गाव’. खरी नावं आम्ही नंतर हातानं घालतो. त्याचा एक फायदा असा झाला, की बेलगामही बंद झालं.

खानापूरकडचे एक आजोबा परवा वारसाच्या अर्जासाठी आले. पडद्यावर ओळी आपोआप उमटताना बघून त्यांनी चष्मा वर केला. “हे कोण लिहायलंय?”

“यंत्र आहे, आजोबा.”

“कुणाचं?”

मी सांगितलं, अमेरिकेतलं, अशी अशी कंपनी. त्यांनी ऐकून घेतलं, उताऱ्याची घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. “नंबर मी तुला तोंडानं सांगतो. तू हातानं घाल.” मी तसंच केलं.

पैसे परत आले त्या दिवशी कार्डाचं विवरण बघितलं. घेताना डॉलर ८८ रुपयांचा होता, देताना ८७ रुपये २० पैशांचा झाला होता, आणि चलनाचा आकार परत मिळतच नाही. आले ९,८७८. कमी पडले ५०२.

आमच्या दुकानात उधारीची वही आहे, लाल कापडाची. पाच रुपयाच्या झेरॉक्सपासून सगळं त्यात लिहिलेलं असतं. मी ती काढली, ५०२ लिहिले आणि नावाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. ॲपचं लिहू, लंडनवाल्याचं, डेलावेअरवाल्याचं, की आतल्या इंजिनवाल्याचं? बँकेचाही त्यात वाटा होताच.

पोरगी माझ्या खांद्यावरून बघत होती. म्हणाली, “बेलगाम लिहा की, अक्का.”

तसंच लिहिलंय.